तोंडी चौकशी

डाव्या पायाच्या घोट्यावर सकाळपासून चुरचुरत होतं. दुपारी दोनच्या सुमारास, एका पुलाची कमान ट्रेसिंगच्या कापडावर उतरवत असताना, ती चुरचुर अशी पेटली की अभिमनचा हात हलला आणि कमानीच्या ऐन मध्यावर शाईचा थेंब पडला. बांधकाम खात्यात ट्रेसर म्हणून केलेल्या सतरा वर्षांच्या नोकरीत त्याच्या हातून कापडावर थेंब पडला नव्हता. त्यानं ब्लेडनं शाई खरवडून काढायची सोडून खाली वाकून मोजा उतरवला. घोट्याच्या वर बोराएवढा फोड होता. कातडी ताणून चकाकत होती, आणि तिच्याखाली काहीतरी पांढुरकं, दोऱ्यासारखं, वेटोळं घालून बसलं होतं. तापीकाठच्या कोरड्या गावांत जन्मलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही. नारू. अभिमननं झटकन मोजा वर ओढला आणि टेबलांच्या रांगेवरून नजर फिरवली. कुणी पाहिलं तर नाही? कुणी पाहिलं नव्हतं. पुढं कित्येक दिवस त्याला सगळ्यात जास्त संताप आला तो या एका गोष्टीचा: पायात आग लागलेली असताना आपण आधी कोण बघतंय ते बघितलं.

धुळ्यात, गल्ली नंबर पाचात राहणारा, पांढरा सदरा घालणारा, कचेरीत शुद्ध बोलणारा माणूस. बोलताना चुकून ‘आहे’ऐवजी अहिराणी ‘शे’ निसटू नये म्हणून सुरुवातीची दोन-तीन वर्षं तो वाक्य मनात जुळवून मगच तोंड उघडत असे. पुढं जुळवायची गरज उरली नाही. गावाची बोली आत कुठंतरी खाली जाऊन बसली, आणि आता नारू मात्र त्याच खालच्या अंगानं वर आला होता, कातडी फाडून, भर कचेरीत.

सरकारी दवाखान्यातला तरुण डॉक्टर खुर्ची पुढं ओढून चांगला रस घेऊन बघत बसला. “धुळ्यात राहून नारू? मागच्या उन्हाळ्यात कुठं पाणी प्यायला होतात?” अभिमन म्हणाला, “बोरपाटला. शिंदखेडा तालुक्यात.” “पायऱ्यांची विहीर?” “हो.” डॉक्टरनं मान हलवली. आपण शिकलेलं बरोबर निघालं याचं समाधान त्याच्या तोंडावर दिसलं. “म्हणजे हिशेब बरोबर लागला. शिरल्यापासून बाहेर यायला त्याला वर्ष लागतं. पाय पाण्यात बुडाला की तो तोंड काढतो आणि पाण्यात पिलं सोडतो. ती पाण्यातल्या बारीक किड्यांत जातात, अन् किडे माणसाच्या पोटात. औषध नाही हो याच्यावर. रोज काडीला थोडा थोडा गुंडाळायचा. बोटभर आला तर बोटभर. घाई केलीत, तुटला, तर पाय जाईल. तीन आठवडे आराम.” त्यानं आयोडिन लावलं, स्वच्छ पट्टी बांधली, रजेचा दाखला लिहून दिला. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. अभिमन दाखला हातात धरून पायरीवर उभा राहिला. उन्हात आग्रा रोडवरून टांगे चालले होते. वीस मिनिटं. लोटनला ही वीस मिनिटं कुणी दिली होती?

लोटन म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मागच्या वैशाखात तो वखर धरून चालला होता; गुडघ्याच्या वाटीखालून निघालेला नारू त्याच्या पिंढरीला तुरकाठीच्या काडीवर बांधलेला होता. नारू निघालाय म्हणून कोण वखर सोडतं? बोरपाटात त्या महिन्यात घरटी एक माणूस तरी काडी बांधून असतोच. बैल बुजला, ओढ बसली, काडी वखराच्या दांडीत अडकली आणि नारू तुटला. गुडघा मडक्यासारखा सुजला. आठव्या दिवशी दातखीळ बसली. चौदा मैलांवर दवाखाना होता. इमारत पक्की, दारावर पाटी, पण डॉक्टरची जागा सात महिने रिकामी. कंपाउंडरनं लोटनकडे बघितलं आणि गुलाबी औषधाची बाटली भरून दिली. जबडा मिटलेल्या माणसाला ते पाजायचं कसं, हे त्याला अक्कानं विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मग धुळ्याला न्या.” दिवसाची एकच मोटार, ती निघून गेलेली. अक्कानं गाडी तशीच पुढं हाकायला लावली. वाटेत ती नवऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून गुलाबी औषध सोडत होती आणि ते हनुवटीवरून गळत होतं. सोनगीरच्या अलीकडे लोटन धनुष्यासारखा वाकला आणि पुन्हा सरळ झाला नाही. बैल वळवले. अभिमनला तार पोचली ती तिसऱ्या दिवशी.

तेराव्याला तो गेला होता. मोटारीतून उतरून तीन मैल चालत. अंगणात टेकला तेव्हा अक्कानं तांब्या पुढं केला. अभिमनला त्या पाण्याबद्दल सगळं ठाऊक होतं. त्या विहिरीच्या दुरुस्तीचा नकाशा त्यानं कचेरीत स्वतःच्या हातानं काढला होता. बावीस पायऱ्या, तळाशी बारा फूट रुंद, चौथ्या पायरीवर दोन फूट जाडीची भिंत घालून पायऱ्या बंद, वरून गडगडी आणि दोर. असा बदल केला की कुणाचा पाय पाण्याला लागणार नाही आणि नारू संपेल. इतकं सोपं. पण सुतक फिटायच्या दिवशी, विधवा बहिणीच्या हातचं पाणी उपरण्याच्या पदरातून गाळून प्यायचं? शहरात राहून भाऊ शहाणा झाला म्हणतील. तो दोन तांबे प्यायला. गार, गोडसर, थोडं शेवाळाच्या वासाचं पाणी. तेच आता वर्षभर त्याच्या मांसातून वाट काढत घोट्यापर्यंत आलं होतं.

कुंदाबाईनं, त्याच्या बायकोनं, पट्टी सोडलेला पाय पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती भिंतीला टेकली. तिचं माहेर धुळ्यातलंच. तिनं नारू कधी पाहिला नव्हता. आग सहन होईना म्हणून अभिमननं पाय बादलीत बुडवला, फोड फुटला, पाणी दुधासारखं गढूळ झालं आणि भोकातून सुतळीच्या टोकासारखं काहीतरी डोकावलं. कुंदाबाईनं तोंडाला पदर लावला. नंतर बादली लांब गटारात रिकामी करून ती राखेनं तीनदा घासली. “शेजारी विचारतील,” ती म्हणाली. “काटा लागून पू झालाय म्हणून सांगते.” अभिमन तिच्यावर असा ओरडला की ती बादली हातात घेऊन तशीच उभी राहिली. “काटा कशाला? नारू सांग. नारू झालाय, नारू!” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला कळेना, यात तिचं काय चुकलं. अभिमनलाही सांगता येईना. ती म्हणाली तेच आपणही टेबलाखाली वाकून केलं होतं, हे बायकोला कसं सांगायचं?

मग दिवस सुरू झाले. सकाळी पट्टी सोडायची, काडीला अर्धा वेढा द्यायचा, ओढ जाणवली की थांबायचं. एक बोट. कधी अर्धं बोट. बाहेर आलेला भाग सुकून तारेसारखा व्हायचा आणि आतला ओला, जिवंत, मागं सरकायचा. आपल्या शरीरात दुसरं कुणीतरी हट्टानं राहतंय आणि त्याच्याशी रोज सकाळी घासाघीस करून बोटभर जागा सोडवून घ्यायची. अभिमन खाटेवर पाय उशीवर ठेवून पडायचा. गल्लीतून दूधवाला, कल्हईवाला, शाळेची पोरं जायची. खाट होती, उशी होती, भरपगारी रजा होती. बोरपाटात याच दिवसांत वखरणी चाललेली असेल. अक्काला खाट नाही, रजा नाही. आणि असं पडून विचार करता करता एक दिवस त्याला ती दुपार आठवली.

आठवण तशी कधीच बुजलेली नव्हती. चार वर्षं ती एक गंमत म्हणून मनात राहिली होती, आणि एक-दोनदा त्यानं ती चारचौघांत सांगितलीही होती. नकाशा पुरा करून तो साहेबांच्या खोलीत घेऊन गेला होता. साहेब मोठे सभ्य, कोकणातले, कुणालाही अहोजाहो करणारे. समोर दोन पाहुणे बसलेले, चहा चाललेला. साहेबांनी नकाशा उलगडला, अक्षराची तारीफ केली आणि सहज विचारलं, “काय हो अभिमनराव, तुम्ही त्याच बाजूचे ना? हा नारूचा प्रकार खरंच इतका आहे का? की उगीच अर्जफाटे?” साहेबांनी राव म्हटलं होतं. पाहुण्यांनी माना वर केल्या होत्या. अभिमनला त्या खोलीत एकाएकी आपल्या पायांतल्या वहाणा दिसू लागल्या, आणि बोरपाटशी आपलं काही नातं असेल असं या लोकांना वाटू नये, अशी घाई झाली. तो हसून म्हणाला, “नारू काय साहेब, तिकडे अवस-पुनवेसारखा असायचाच. मरत नाही त्यानं कुणी.” पाहुणे हसले. साहेबही हसले आणि म्हणाले, “चहा घ्या.” तो चहा त्यानं उभ्यानंच घेतला होता. बशी कपाखाली धरून.

अठराव्या दिवशी, नारू अजून तीनेक बोटं आत असताना, तो काठी टेकत कचेरीत गेला. कुंदाबाई दारापर्यंत आडवी आली, पण तो थांबला नाही. भिकन नावाच्या पट्टेवाल्यानं अभिलेखातून बोरपाटची फाइल काढून दिली. धूळ झटकून तो म्हणाला, “चार वर्षांत हिला कुणी हात लावला नाही, रावसाहेब.” आत अर्ज होता, ग्रामस्थांचे अंगठे होते, त्याचा स्वतःचा नकाशा होता, घडीवर पिवळा पडलेला. आणि टिपणीच्या पानावर साहेबांच्या वळणदार इंग्रजीत तीन ओळी. अभिमननं त्या ओठ हलवत वाचल्या. ट्रेसर, जे त्या भागातले रहिवासी आहेत, यांच्याकडे तोंडी चौकशी केली. त्रास फार जुना असून त्यापासून प्राणहानी होत नाही. काम तूर्त बाजूला ठेवावे. खाली सही, खाली तारीख. लोटन मरण्याच्या तीन वर्षं आधीची.

म्हणजे ती गंमत नव्हती. ती चौकशी होती. त्याच्या चहाच्या कपाबरोबर तिथं कागदावर एक गाव ठेवलेलं होतं, आणि त्यानं ते हसून बाजूला सारलं होतं. त्याला वाटलं, साहेबाच्या खोलीत जावं आणि टेबल उलथं करावं. तो गेलाही. साहेबांनी त्याला बसायला खुर्ची दिली, पायाची विचारपूस केली. अभिमननं फाइल पुढं ठेवली. “साहेब, हे मी बोललो होतो. हे लिहायचं नव्हतं.” साहेबांनी चष्मा लावून वाचलं, बराच वेळ वाचलं, आणि खऱ्याखुऱ्या नवलानं वर बघितलं. “पण सांगितलं तर तुम्हीच होतंत ना? तिथला माणूस म्हणून मी विश्वास ठेवला.” अभिमननं फाइल मिटली. साहेब खोटं बोलला असता तर त्याचा गळा धरता आला असता. साहेब खोटं बोलत नव्हता. बोरपाटला जाऊन बघावं असं वाटलं नाही, एवढाच त्याचा गुन्हा. आणि त्या गुन्ह्याला अभिमननंच दार उघडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो मोटारीनं बोरपाटला गेला. उतरल्यावरचे तीन मैल एका बैलगाडीत. थेट विहिरीवरच उतरला, कारण बायका दुपारी तिथंच असतात. वरच्या कट्ट्यावरून खाली बघितलं. पाणी खोल गेलं होतं. शेवटच्या पायऱ्यांवर सात-आठ बायका घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून घागरी बुडवत होत्या. त्यांच्यात अक्का, म्हणजे धुरपदाबाई, लुगड्याचा काचा वर खोचून, उजव्या पायाची नारूवरची पट्टी सोडून, डोळे मिटून नुसती उभी होती. पाय थंड करत होती. अभिमनचा पाय त्या पाण्याकडे बघूनच असा पेटला की आपणही धावत उतरावं आणि बुडवावा, असं त्याला वाटलं. आतला तो जीव पाणी ओळखत होता. तो कट्ट्याला धरून ओरडला, “अक्का! भाईर नीघ! पानीमाईन पाय काढ!” किती वर्षांनी त्याच्या तोंडातून ती बोली अशी मोठ्यानं आली होती.

अक्का सावकाश वर आली. बावीस पायऱ्या, प्रत्येक पायरीवर थांबत, डोक्यावर घागर. त्याच्या पायाकडे तिनं बघितलं. “तुले बी?” “आठलंच पानी शे, अक्का. मागला साले पेयेल.” त्यानं तिला डॉक्टरनं सांगितलेलं सांगितलं. पाण्यात पाय बुडवायचा नाही, पिताना गाळायचं, पायऱ्या बंद व्हायला हव्यात. ती घागर खाली न ठेवता ऐकत होती. मग म्हणाली, “पायऱ्या बंद करी टाक्यात तर पानी काय आभायमाईन काढूत?” तेव्हा त्यानं नकाशाचं सांगितलं. भिंत, गडगडी, दोर. कागद चार वर्षं तयार आहे. “मंग?” अक्का म्हणाली. “अडनं कोठे?”

त्याला खोटं सांगता आलं असतं. सरकारचं नाव घेता आलं असतं, आणि ते अर्धं खरंही होतं. त्यानं सगळं सांगितलं. साहेब, पाहुणे, चहा, आपण काय म्हणालो ते शब्द. सांगताना तो तिच्याकडे न बघता आपल्या पायाला बांधलेल्या काडीकडे बघत होता. बाकीच्या बायका पायऱ्यांवर थांबल्या. अक्कानं घागर उतरवून कट्ट्यावर ठेवली.

“तू सांगं? कोन्ही मरत नही?”

“हा.”

“मंग तुना मेहुना कसाघाई मरना?”

अक्काचा आवाज चढला नाही. “साहेबनी तुले इचारं. तू आठे राहस का रे? तू आठलं पानी भरस? माले कोन्ही इचारं? ह्या बठ्ठ्या बाया आठे उभ्या शेतस, यासले कोन्ही इचारं?” तिनं घागर पुन्हा डोक्यावर घेतली. “घरी ये, भाकर खाई ले,” ती म्हणाली. भाऊ दारी आला म्हणजे भाकर विचारायची, इतकंच ते होतं. तो जेवला. ती समोर बसली नाही.

कचेरीत हजर झाल्याच्या दिवशी त्यानं भिकनकडून ती फाइल पुन्हा मागून घेतली. ट्रेसरनं टिपणीच्या पानावर लिहायचं नसतं, हे कचेरीतल्या पोरासोरालाही ठाऊक. अभिमननं आपलं नकाशाचं पेन शाईत बुडवलं आणि साहेबांच्या सहीखाली, नकाशावर गावांची नावं लिहितो तशा ठसठशीत अक्षरांत, मराठीत लिहिलं: “वरील तोंडी चौकशीत मी खोटे सांगितले. नारूने माणूस मरतो. लोटन पुंजू, वय त्रेचाळीस, राहणार बोरपाट, याच विहिरीच्या पाण्याने मेला. तो माझा मेहुणा होता. पुढील चौकशी गावातील बायकांकडे करावी.” सही केली. हात अजिबात हलला नाही.

मग जे झालं त्याचा विचार करताना त्याला हसावं की कपाळ फोडून घ्यावं, हे कळत नसे. चार वर्षं विहिरीसाठी न हललेली फाइल त्या पाच ओळींसाठी आठवड्यात हलली. कनिष्ठ नोकराने टिपणीवर अनधिकृत मजकूर लिहिला, सबब शिस्तभंग. फाइल नाशिकला गेली, तिथून पुण्याला. प्रत्येक टेबलावर ती वाचावी लागली, कारण गुन्हा काय आहे ते समजून घ्यायला विहीर समजून घ्यावी लागत होती. पुण्यात कुणीतरी समासात विचारलं, “विहिरीचे काय केले?” याला उत्तर नव्हतं. अभिमनची वेतनवाढ दोन वर्षं रोखली गेली, आणि त्याच टपालात बोरपाटच्या कामाला मंजुरी आली. कुंदाबाईनं देवापुढं साखर ठेवली. “साखर कशाची?” तो खेकसला. “शाईचा डाग पडला म्हणून भिंत बांधतात. माणूस पडला तेव्हा नाही.” ती या वेळी रडली नाही. वाटीतली साखर चिमूटभर तोंडात टाकून म्हणाली, “बांधतात ना पण?”

पौषात काम पुरं झालं. चौथ्या पायरीवर दोन फूट जाडीची भिंत, वर लोखंडी खांब, दोन गडगड्या, नवा दोर. साहेब जीपमधून नारळ फोडायला आले आणि अभिमनला त्यांनी आग्रहानं बरोबर घेतलं. मनात काही ठेवणारा तो माणूस नव्हता. गावानं मांडव घातला होता. साहेब शुद्ध पाण्यावर चार शब्द बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका म्हाताऱ्यानं उपकार झाले म्हणून हात जोडले. ते जोडलेले हात बघून अभिमननं मान वळवून गावाकडे बघितलं. उपकार? कुणाचे? अंगणाअंगणांत गुडघे आखडलेली माणसं बसली होती. ती टाळ्या वाजवायला उठून येऊ शकली नव्हती.

पहिली घागर कुणी ओढायची, तर सरपंचानं धुरपदाबाईचं नाव घेतलं. ती लंगडत पुढं आली. उजवा पाय तिचा आता कायमचा वाकडा टेकत होता. तिनं दोर हातात घेतला, गडगडी करकरली, आणि घागर सरळ वर आली, कुणाचाही पाय न लागलेलं पाणी घेऊन. साहेब कोट सावरत पुढं झाले. “द्या बाई, पहिलं पाणी आम्ही पितो,” म्हणून हसत त्यांनी ओंजळ पुढं केली. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या अभिमननंही, का कोण जाणे, ओंजळ धरली.

अक्कानं दोघांच्या ओंजळींकडे बघितलं. घागर उचलून डोक्यावर घेतली, आणि दोघांच्या मधून वाट काढून, वाकडा पाय टाकत, ती घराकडे चालू लागली. साहेबांनी हात तसेच ठेवून आजूबाजूला बघितलं. मग ते अभिमनकडे झुकून हळूच म्हणाले, “बाईंना ऐकू कमी येतं का हो?”

अभिमननं रिकाम्या ओंजळीचे हात खाली सोडले.

“नाही साहेब,” तो सगळ्या मांडवाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. “मनी बहीन शे ती.”